आधी उतरू द्या

पेट्रोलच्या इंजिनाचा हिशेब एखाद्या पुणेकराने वहीत मांडला, तर तो गाडी घेणारच नाही. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकावं, तर जेमतेम तीस रुपये गाडी ओढण्याच्या कामी येतात. उरलेल्या सत्तरांपैकी साधारण निम्मे सायलेन्सरवाटे हवेत जातात आणि निम्मे इंजिनाच्या अंगात उष्णता होऊन मुरतात. थोडक्यात, इंजिनाचा मुख्य व्यवसाय तापणं हा. गाडी चालवणं हा जोडधंदा.

घरगुती गाडीत हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण आपण ती मुळी पळवतच नाही. कर्वे रोडवर संध्याकाळी सातला पळवणार कुठे? पण ज्या गाडीला टर्बो आहे आणि जिचा मालक पंचविशीत आहे, तिथे हा सत्तर रुपयांचा प्रश्न ज्वलंत होतो. टर्बोचं काम म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर चक्र फिरवायचं आणि त्या जोरावर जास्त हवा इंजिनात कोंबायची. पूर्ण जोरात असताना त्या धुराचं तापमान आठशे-नऊशे अंशांवर जातं. आणि हा सगळा कारभार चालतो कुठे, तर चहूबाजूंनी बंद अशा, वर झाकण घातलेल्या, आत हात घालायला जागा नसलेल्या खोलीत. त्या झाकणाला बॉनेट म्हणतात.

या झाकणाला भोकं पाडावीत, ही कल्पना मोटारीइतकीच जुनी. 1929 च्या सुमाराची ती आडदांड ब्लोअर बेंटले पाहा: बॉनेटच्या दोन्ही अंगांना खिडक्यांच्या झडपांसारख्या चिरा, आणि बॉनेट उडून जाऊ नये म्हणून वरून चामड्याचा पट्टा. 1961 ची जॅग्वार ई-टाइप ही तर जगातल्या सुंदर गाड्यांमध्ये गणली जाते. तिच्या त्या लांबलचक नाकावरही चिरांच्या रांगा आहेत आणि सुरुवातीच्या काही गाड्यांत तर चिरांचा तो तुकडा वेगळा करून वेल्डिंगने जोडलेला होता. एवढं करूनही ती रहदारीत तापायची ती तापायचीच. 1992 मध्ये फोर्डने रॅलीसाठी एस्कॉर्ट आरएस कॉसवर्थ काढली, तिच्या बॉनेटला गरम हवा बाहेर सोडणारे व्हेंट. मित्सुबिशी लान्सर इव्होलाही तसेच. टर्बोवाल्या सुबारू इम्प्रेझाच्या बॉनेटवर उंच स्कूप असतो, पण तो वेगळ्या खात्यातला: तो हवा आत घेतो आणि इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या इंटरकूलरवर, म्हणजे इंजिनात कोंबायची हवा गार करणाऱ्या जाळीवर, सोडतो. एकाचं काम जावक, दुसऱ्याचं आवक. दुरून दोन्ही सारखेच रागीट दिसतात. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

कारण रागीट दिसणं विकलं जातं, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. मिनी कूपर एसचं उदाहरण मला फार आवडतं. 2006 पर्यंतच्या गाडीत इंटरकूलर इंजिनाच्या वर होता, म्हणून बॉनेटवरचा स्कूप खरोखर हवा घ्यायचा. पुढच्या पिढीत इंटरकूलर पुढे खाली गेला. स्कूपचं काम संपलं. पण स्कूप गेला नाही! तो सेवानिवृत्त होऊनही रोज ऑफिसात येऊन बसू लागला. पुढे 2019 ला टोयोटाने सुप्रा पुन्हा आणली. अंगभर व्हेंटच व्हेंट, आणि त्यातले बरेच प्लास्टिकने बुजवलेले. लोकांनी थट्टा केली, तेव्हा मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी खुलासा केला, की शर्यतीसाठी गाडी तयार करणाऱ्यांना ते उघडता यावेत म्हणून सोय ठेवली आहे. खुलासा सच्चा असेलही. पण मी पाहिलंय, माणसाला 'उघडता येतं' एवढं कळलं, की ते बंद ठेवून त्याला झोप लागत नाही.

माझ्या पुतण्याला तशी झोप लागेनाशी झाली. त्याची गाडी सुप्रा नाही. तेवढे पैसे आमच्या घराण्यात आजवर कोणी एका जागी पाहिलेले नाहीत. आहे एक टर्बोवाली लाल सेडान. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिची वॉरंटी अजून थोडी शिल्लक आहे. तिच्या बॉनेटच्या मधोमध काळ्या जाळीचे दोन व्हेंट होते आणि त्यांत करंगळी घातली की पेराइतक्या अंतरावर प्लास्टिक लागायचं. पुतण्या येता-जाता करंगळी घालून बघायचा. जणू एखाद्या दिवशी ते आपोआप उघडेल.

"काका, हे उघडायचंय," तो म्हणाला.

आमच्या घरात कुठलाही निर्णय एका माणसाचा नसतो. थोरल्या बंधूंचं मत पडलं, की कंपनीने बंद ठेवलंय तर विचार करूनच ठेवलं असणार. जर्मनी-जपानात काय माणसं मूर्ख बसलीत? वहिनींनी विचारलं, "पावसाळ्यात काय करशील?" हा एकच प्रश्न अभियांत्रिकीचा होता आणि म्हणूनच त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, भोक पाडायचंच तर पुढून पाडा, वारा थेट आत येईल आणि इंजिन गार पडेल.

वारा आत आला की गार, हे ज्याला त्याला पटतं. पण गोम नेमकी उलटी आहे. गाडीच्या तोंडाला जाळी आहे. हवा आत यायला जागा भरपूर. ती एसीच्या कंडेन्सरमधून, इंटरकूलरमधून, रेडिएटरमधून गाळत-गाळत इंजिनाच्या खोलीत येते आणि तिथे अडकते, कारण बाहेर पडायला वाट कुठे आहे? खाली इंजिनाच्या पोटाला पत्रा लावलेला, मागे केबिनची भिंत, वर बॉनेट. उरतात त्या गिअरबॉक्सच्या आजूबाजूच्या सांदी. संध्याकाळी सहाला दादरला उभ्या राहिलेल्या फास्ट लोकलसारखा प्रकार: दारातून आत घुसणाऱ्यांची कमी नाही, पण आतले उतरल्याशिवाय एक माणूसही वर चढू शकत नाही. फलाटावरून कितीही रेटा लावा. तेव्हा रेडिएटरमधून जास्त हवा जावी असं वाटत असेल, तर तिच्या मागचा दाब कमी करावा लागतो. म्हणजे वरून जो व्हेंट काढायचा, तो जावकीचा हवा. आवकीचा काढाल तर आतला रेटा वाढेल आणि रेडिएटरमधून येणारी हवाच मंदावेल. बँक मॅनेजर साहेबांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पुढून पाडायचं नाही?" आणि नाराज होऊन वर गेले.

आता जावकीचा व्हेंट कुठे काढायचा? बॉनेटवर सगळीकडे सारखं हवामान नसतं. गाडीच्या नाकावरून वर वळताना वारा वेग घेतो, तिथे दाब कमी. बॉनेटच्या पुढच्या भागात व्हेंट असेल तर बाहेरचा वाराच आतली गरम हवा ओढून घेतो. पण बॉनेटच्या मागच्या टोकाला, काचेच्या पायथ्याशी, वारा काचेवर आपटतो आणि साचतो. तिथे दाब जास्त. अमेरिकन मंडळींना हे इतकं पक्कं माहीत होतं, की 1970 च्या शेव्हरले शेव्हेल एसएसमध्ये बॉनेटच्या मागच्या बाजूला काचेकडे तोंड करून उघडणारी झडप होती, तिथली दाबाची हवा इंजिनाला श्वासासाठी देण्यासाठी. म्हणजे ती जागा आवकीची, हे अर्धशतकापूर्वीच ठरलेलं आहे.

आणि तरीही आमच्याकडच्या हौशी मंडळींचा सगळ्यात लाडका उपाय कोणता? बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली दोन-दोन वॉशर घालायचे. बॉनेट मागून बोटभर उचललं जातं आणि गाडी कायम कोणाकडे तरी भुवई वर करून बघते आहे, असं दिसतं. खर्च चाळीस रुपये. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा त्या फटीतून गरम हवेच्या लाटा निघतात, काचेपलीकडचं दृश्य थरथरतं, आणि मालक कृतकृत्य होतो. पण हायवेला लागल्यावर काचेपाशी साचलेली हवा त्याच फटीतून आत शिरते. ज्या वेळी इंजिनाला सगळ्यात जास्त गरज, नेमकी त्याच वेळी उलटी गंगा. हे सांगितलं तर उत्तर मिळतं, "अहो, पण हात लावून बघा, केवढं गरम येतंय!" उभ्या गाडीला हात लावून काढलेला निष्कर्ष कोणत्याही विज्ञानाने खोडता येत नाही.

पुतण्या मात्र आजच्या पिढीचा. त्याला पुरावा लागतो. त्याने वहिनींच्या टोपलीतली तांबडी लोकर घेतली, तिचे वीतभर नव्हे, चार बोटांचे तुकडे केले आणि चिकटपट्टीने बॉनेटभर ओळीने लावले. शर्यतीच्या गाड्यांवर वाऱ्याची दिशा पाहायची ही फार जुनी, फार स्वस्त आणि अजूनही चालणारी रीत आहे. सोसायटीच्या वॉचमनला ती ठाऊक नसल्यामुळे त्याने नवी गाडी समजून पेढे मागितले. समोरच्या आजींनी विचारलं, "कुणाची दृष्ट लागली रे?" आणि लिंबू-मिरची पण बांध, असा सल्ला दिला.

तो गाडी चालवणार आणि मी शेजारी बसून निरीक्षण करणार, असं ठरलं. माझ्या हातात आणखी एक उपकरण होतं: पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून पुठ्ठ्यावर बांधलेली, आत निळीचं पाणी. नळीचं एक टोक बॉनेटवर व्हेंटच्या तोंडाशी, दुसरं बॉनेटच्या खाली. दोन्हीकडे दाब सारखा असेल तर पाणी समपातळीत. एकीकडे कमी असेल तर पाणी त्या बाजूला चढणार. कात्रज-देहूरोड बायपासला सकाळी साडेसहाला गाडीने ऐंशीचा वेग धरला, तसं बॉनेटच्या पुढच्या भागातली लोकर सरळ मागे झोपली. अंगाला चिकटून, अगदी शहाण्यासारखी. काचेजवळच्या तुकड्यांना मात्र काय करावं ते सुचेना. काही डावीकडे बघत होते, काही चक्क उलटे आमच्यापासून दूर, नाकाकडे. आणि माझ्या मांडीवरच्या नळीत निळं पाणी बोटाच्या पेराइतकं व्हेंटच्या बाजूला चढलं. पेरभर पाणी! पण पुतण्याने ते पाहिलं आणि "चढलं, काका, चढलं!" असा ओरडला, की बाजूच्या ट्रकवाल्याने आपला टायर बघितला. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला. हवा दिसत नाही म्हणून आपण तिच्याविषयी वाटेल ते बोलतो. त्या नळीत ती दिसत होती. म्हणजे कंपनीने व्हेंटची जागा बरोबर निवडली होती, आणि मग तिथे बूच मारलं होतं.

डेंटर मिस्त्रींचं गॅरेज नाना पेठेच्या मागे एका बोळात आहे. मिस्त्रींनी बॉनेट उघडून खालचं उष्णतारोधक काळं अस्तर काढलं आणि आतला सांगाडा दाखवला. बॉनेट हा एक पत्रा नसतोच मुळी. वरचा देखणा पत्रा आणि खाली फासळ्यांचा दुसरा, असे दोन. फासळी कापली तर बॉनेट वेगात फडफडतं, आणि कोणी माणूस आदळला तर कसं चेपायचं हा कंपनीने घातलेला हिशेबही बिघडतो. म्हणून फासळ्यांच्या मधोमध, व्हेंटच्या बरोबर खाली, तेवढाच खालचा पत्रा कापायचा आणि वरचं प्लास्टिकचं बूच काढायचं. मिस्त्रींनी खडूने चौकोन आखला. मग पुसला. मग पुन्हा एक बोट आत आखला.

"दादा, तीस वर्षं झाली," ते पुतण्याला म्हणाले. "लोक भोक बुजवायला येतात. गंजलेलं, ठोकलेलं. भोक पाडायला तुम्हीच पहिले."

"करून देता ना?"

"देतो की. पण कोणी विचारलं तर माझं नाव सांगायचं नाही."

ग्राइंडर चालला. चांगल्या धडधाकट गाडीच्या पत्र्यातून ठिणग्या उडताना बघणं हे मालकाच्या काळजाचं काम आहे. पुतण्या बाहेर जाऊन चहा पिऊन आला, दोनदा. कापलेल्या कडांना मिस्त्रींनी कानस मारली, प्रायमर लावलं, त्यावर काळा रंग. कापलेला पत्रा पंख्याशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवला. वर जाळी पूर्वीसारखीच बसली. बाहेरून बघणाऱ्याला काडीचा फरक कळू नये, इतकं बेमालूम काम झालं. आणि पुतण्याच्या मनात पहिली कुरकुर तिथेच सुरू झाली, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. खर्च केला, धोका पत्करला, आणि दिसत काहीच नाही.

उपयोग झाला का? झाला. खंबाटकी घाट चढून गेल्यावर गाडी उभी केली, की पूर्वी पंखा बराच वेळ घोंघावत राहायचा. आता लवकर गप्प बसतो. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि सगळी धग वर साचते, ती आता व्हेंटमधून मुकाट निघून जाते. सोसायटीतल्या मांजराला ही बातमी सर्वांत आधी लागली. डिसेंबरात ते व्हेंटवर पोट टेकून असं काही झोपायचं, की पुतण्याला ऑफिसला उशीर झाल्याचं कारण खरं असायचं.

पण उष्णता नाहीशी होत नसते. ती फक्त पत्ता बदलते. ई-टाइपवाल्यांनाही हे ठाऊक असेल, पण आमच्या थोरल्या बंधूंना ते एप्रिलमध्ये साताऱ्याला जाताना कळलं. व्हेंटमधून निघालेली गरम हवा बॉनेटच्या अंगाने सरपटत मागे जाते, काचेच्या पायथ्याशी. आणि केबिनमध्ये ताजी हवा घेणारी खिडकी कुठे असते? तिथेच. कारण तिथे दाब जास्त असतो, हवा आपणहून आत येते. तर पुतण्याच्या गाडीत आता इंजिन थंड आणि बंधू गरम. एसीच्या झरोक्यातून तापल्या तेलाचा, रबराचा मंद दरवळ. पुतण्या म्हणाला, "बाबा, आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा." बंधू म्हणाले, "दाबणार नाही. कोंदट होतं." वाईपर्यंत हा वाद चालला.

मला मौज वाटली ती वेगळ्याच कारणाने. याच बंधूंकडे पूर्वी एक जुनी गाडी होती, जी घाटात हमखास तापायची. तेव्हा त्यांनी कोणाकडून तरी एक तोडगा शिकून घेतला होता: इंजिन तापलं की केबिनचा हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि धग माणसांच्या पायांवर येते. इंजिनाचा काटा खरोखर खाली उतरतो. पण त्यासाठी मे महिन्यात, पसरणीच्या चढावर, चार मोठी माणसं आणि दोन मुलं हीटर लावून बसलेली असायची. वहिनी ओल्या टॉवेलने मुलांची तोंडं पुसत असायच्या. त्यातलं एक मूल म्हणजे हाच पुतण्या. आणि तेव्हा बंधू म्हणायचे, "पाचच मिनिटं. गाडी जगली पाहिजे." घराण्यात ही परंपराच आहे, असं मी म्हटलं, तर दोघांनीही माझ्याकडे रागाने पाहिलं.

पोर्शेलाही हाच प्रश्न पडला होता, यातून बंधूंनी समाधान मानावं, असा माझा प्रयत्न होता. 2022 च्या 911 जीटी3 आरएसमध्ये रेडिएटर नाकात आहे आणि त्याची गरम हवा बॉनेटवरच्या दोन नाकपुड्यांतून वर निघते. पण त्या गाडीचं इंजिन मागे! ती गरम हवा छतावरून सरळ मागे गेली, तर तीच इंजिन श्वासात घेणार. म्हणून त्यांनी छतावर उभ्या पट्ट्या बसवल्या, गरम हवेला बाजूला ढकलायला. म्हणजे जगातल्या नामांकित अभियंत्यांनाही भोक पाडल्यावर पुढचा विचार करावा लागला. फॉर्म्युला वनवाले तर भोकांची संख्या शर्यतीगणिक ठरवतात. मेक्सिको सिटीला, समुद्रसपाटीपासून साधारण 2,200 मीटरवर, हवा विरळ असते, इंजिन गार होत नाही, म्हणून तिथे चिरा जास्त उघडतात. आणि प्रत्येक चिरेमागे वाऱ्याचा अडथळा वाढतो, वेग कमी होतो. फुकटात काहीच नाही. बंधूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोर्शेत मागे कोणाचे वडील बसतात का?" त्या गाडीला मागची सीटच नसते, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

मग जून आला. वहिनींचा प्रश्न ताटकळत उभाच होता. जाळीखालून आता इग्निशन कॉइल आणि विजेच्या तारांचे जोड स्वच्छ दिसत होते. पहिल्या वळवालाच पाणी त्यांवर ठिबकू लागलं. चालत्या गाडीत फारसं आत येत नाही, बाहेर येणारी हवा ते अडवते. पण रात्रभर उभ्या गाडीत येतंच. शहाणे कारखाने व्हेंटखाली पन्हळ ठेवून पाणी बाजूला काढतात. पुतण्याने सध्या वहिनींचा जुना पोळपाटाएवढा ट्रे उलटा करून आत अडकवला आहे, आणि सकाळी तो काढायला विसरला, की हवा पुन्हा बंद.

कायद्याचा भाग राहिला. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम म्हणतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. आम्ही आरसी उघडून बसलो. इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, रंग, इंधन, आसनसंख्या. बॉनेटच्या भोकांचा रकाना नाही. मात्र गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं आहे. बंधूंनी लगेच मुद्दा काढला, कापलेल्या पत्र्याचं वजन तेवढं कमी झालं, त्याचं काय? पुतण्या म्हणाला, ट्रे बसवलाय ना, भरपाई झाली.

गेल्या महिन्यात आमच्या गाडीच्या दाराला ओरखडा पडला म्हणून मी मिस्त्रींकडे गेलो. गॅरेजच्या दारात पाच-सहा गाड्या, आणि प्रत्येकीच्या सपाट बॉनेटवर दोन काळ्या जाळ्या. पुतण्याची गाडी पाहून पोरं येऊ लागली होती. भिंतीवर खडूने दर लिहिला होता: आरपार दीड हजार, दिखाऊ अडीच हजार.

"मिस्त्री, दिखाऊ महाग कसं? त्यात तर भोकच नाही."

"साहेब, आरपारचं काम आतलं. ते कोण बघतंय?" मिस्त्री दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप दाताने तोडत म्हणाले. "दिखाऊचं फिनिशिंग सगळी सोसायटी बघते."

"आणि आरपार किती जण मागतात?"

त्यांनी जाळी बॉनेटवर नीट मध्यावर धरून एक डोळा मिटला.

"तुमचेच तेवढे आले होते."